कर्सर दिसतो, कारण दिसत नाही

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या स्क्रीनवर जे घडते ते बोलण्यासह टिपायचे आणि दुसऱ्याकडे पाठवायचे, एवढाच स्क्रीनकास्टचा अर्थ. हे काम आता इतके सोपे झाले आहे की त्यावर हे अख्खे पुस्तक कशाला, असा प्रश्न कोणालाही पडावा. ब्राउझरमध्ये एखादी साइट उघडायची, लाल बटण दाबायचे, कोणती विंडो टिपायची ते निवडायचे, बोलायचे आणि थांबायचे. चहा निवायच्या आत लिंक तयार. महाराष्ट्रात तर हा प्रकार नाव ठाऊक नसतानाच रुळला. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाली आणि सातबाऱ्यावर पीक कसे नोंदवायचे हे दाखवणारे मराठी व्हिडिओ लगोलग फिरू लागले. महाडीबीटीचा अर्ज, यू-डायस प्लसची माहिती, शालार्थमधले पगारबिल, २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचा फॉर्म. प्रत्येकाच्या मागोमाग ‘असा भरा’ म्हणणाऱ्या रेकॉर्डिंगची रांग लागली. ती करणाऱ्यांपैकी कोणी सेतू केंद्र चालवतो, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, कोणी तलाठी कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसतो. आपल्या या खटपटीला पन्नासहून अधिक वर्षांचा मागचा पट आहे, तिच्यावर संशोधन झाले आहे आणि तिच्यात वेगवेगळी घराणीही आहेत, हे त्यांच्या गावीही नसते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे सारे त्यावर तपासता येईल. ऑनलाइन साधनांनी रेकॉर्डिंग सोपे केले, समजावून सांगणे सोपे केले नाही. आणि पहिले इतके सोपे झाल्यामुळे दुसऱ्याची तयारी टाळायला मोकळीक मिळाली. स्क्रीनवर करणाऱ्याचा हात दिसतो. सहा पर्यायांपैकी त्याने तोच का निवडला, कोणत्या खुणेवरून त्याला कळले की इथे थांबायला हवे, तुमच्या स्क्रीनवर वेगळे काही दिसले तर काय करायचे, यातले काहीच कॅमेऱ्याला टिपता येत नाही. ते बोलण्यात यावे लागते, आणि बोलण्यात येण्याआधी करणाऱ्याने ते स्वतःशी उलगडलेले असावे लागते. ज्याला एखादे काम सवयीचे झाले आहे त्यालाच हे सर्वांत जड जाते, कारण सवय म्हणजे कारण विसरून कृती करणे.

एक साधे काम जवळून पाहू. शाळेच्या पोर्टलवरून विद्यार्थ्यांची यादी सीएसव्ही फाईलमध्ये उतरवली. फाईलवर डबल क्लिक केले की एक्सेल उघडते आणि मराठी नावांच्या जागी परक्या अक्षरांचा खिचडा दिसतो. शेजारच्या रकान्यात बारा अंकी आधार क्रमांक १.२३ई+११ अशा काहीतरी रूपात आखडून बसतो. जाणकार माणूस फाईल बंद करतो, रिकामी वर्कबुक उघडतो, ‘डेटा’ टॅबमध्ये जाऊन ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घेतो, ‘फाइल ओरिजिन’च्या यादीतून ‘६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडतो, मग ‘ट्रान्सफॉर्म डेटा’त जाऊन आधारचा रकाना ‘टेक्स्ट’ करतो आणि यादी आत घेतो. सारे मिळून चाळीस सेकंद. हे चाळीस सेकंद टिपून पाठवले तर पाहणारा यादीपुरते काम करील. पण ६५००१ हा आकडा कशासाठी? देवनागरी अक्षरे फाईलमध्ये यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेली असतात आणि डबल क्लिक केल्यावर एक्सेल ती वेगळ्याच पद्धतीने वाचू पाहते, म्हणून. आधारचा रकाना ‘टेक्स्ट’ का करायचा? आधार क्रमांक ही संख्या नव्हे, ओळख आहे. त्याची बेरीज कोणी करणार नाही. तो आखडलेल्या रूपातच पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केला तर शेवटचे अंक कायमचे जातात, हा धोका तर चाळीस सेकंदांत कुठेच दिसत नाही. ही तीन वाक्ये आवाजात आली की पाहणारा उद्या मतदारांची यादी किंवा दूध सोसायटीचे खाते आले तरी अडणार नाही. नाही आली, तर तो पुन्हा तोच व्हिडिओ शोधत बसेल, आणि मेनूची जागा बदलली की हात टेकेल.

या विधेचा उगम शोधायचा तर ९ डिसेंबर १९६८ पर्यंत मागे जावे लागते. सॅन फ्रान्सिस्कोतील एका परिषदेत डग्लस एंगेलबार्ट यांनी सुमारे दीड तास स्वतःचा संगणक चालवून दाखवला. माउस, खिडक्या, दूरच्या सहकाऱ्याबरोबर एकाच मजकुरावर काम, हे सारे भव्य पडद्यावर, त्यांच्या संथ निवेदनासह. ते सारे चित्रितही झाले. निवेदक आणि करणारा एकच, आणि प्रेक्षकाला दिसते ती यंत्राची काच, ही मांडणी तिथे पहिल्यांदा एवढ्या ठसठशीतपणे उभी राहिली. १९९० च्या दशकात लोटस कंपनीच्या स्क्रीनकॅमसारखी सॉफ्टवेअर आली, पण फायली पाठवणार कशावरून? टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या इंटरनेटला तो भार पेलणारा नव्हता. २००२ मध्ये टेकस्मिथचे कॅमटेशिया आले, आणि २००४ च्या अखेरीस जॉन उडेल या तंत्रज्ञानविषयक लेखकाने वाचकांकडून सुचवण्या मागवून या प्रकाराला स्क्रीनकास्ट हे नाव पक्के केले. पुढच्याच वर्षी उडेल यांनी विकिपीडियावरील एका लेखात वर्षानुवर्षे कसे बदल होत गेले हे निवेदनासह दाखवले. तो छोटा व्हिडिओ आजही अभ्यासावा असा आहे, कारण त्यात सॉफ्टवेअर शिकवलेलेच नाही. स्क्रीनच्या आधारे एक युक्तिवाद मांडला आहे. त्याच वर्षी डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांचा ‘पंधरा मिनिटांत ब्लॉग’ हा रुबी ऑन रेल्सचा व्हिडिओ प्रोग्रामरांच्या जगात गाजला. एका अवजाराची कीर्ती मुख्यतः एका स्क्रीनकास्टने पसरावी, असे त्याआधी फारसे घडले नव्हते.

ब्राउझरमधून चालणाऱ्या साधनांचा प्रवास २००६ मध्ये स्क्रीनकास्ट-ओ-मॅटिकपासून धरायला हरकत नाही. काहीही विकत न घेता, साइटवर जाऊन, जावाच्या आधारे रेकॉर्डिंग करता येत होते आणि तिथेच ठेवताही येत होते. पुढे ब्राउझरांनी जावाचा आधार काढून घेतला, मग काही वर्षे छोटे पूरक सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे लागले. २०१९ च्या सुमारास क्रोम आणि फायरफॉक्सने स्क्रीन टिपण्याची सोय ब्राउझरच्या गाभ्यातच दिली आणि मग अशा साइटींचे पीक आले. मधल्या काळात, २०१५ मध्ये सुरू झालेल्या कंपनीने लूम हे साधन काढले. रेकॉर्डिंग चालू असतानाच ते वर चढत राहते आणि थांबवताक्षणी लिंक मिळते, ही त्याची खुबी. २०२३ मध्ये ॲटलासियनने लूम ९७ कोटी ५० लाख डॉलरला घेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी स्क्रीनकास्ट-ओ-मॅटिकने नाव बदलून स्क्रीनपाल केले. बाजाराने या खटपटीची किंमत केव्हाच ओळखली होती. शिक्षणशास्त्राच्या मराठी वर्गात मात्र तिचा अजून फारसा उच्चार होत नाही.

घराण्यांविषयी मी आधी ओझरता बोललो. त्यातले पहिले फळ्याचे. सलमान खान यांनी २००४ मध्ये नातेवाइकांच्या मुलीला दुरून गणित शिकवायला सुरुवात केली आणि २००६ पासून धडे यूट्यूबवर टाकले. काळा पडदा, रंगीत अक्षरे, चेहरा नाही, फक्त आवाज. तिथे स्क्रीन ही दाखवायची वस्तू नसून लिहायची पाटी आहे, आणि लिहिण्याचा वेग हाच विचाराचा वेग असल्यामुळे कारण आपोआप बोलण्यात येते. या घराण्याचे बळ नेमके तिथे आहे. दुसरे घराणे निरोपाचे: लूमसारख्या साधनांतून सहकाऱ्याला पाठवलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ, ‘इथे हे बटण दाबल्यावर असे होते, बघ’ अशा धाटणीचा. त्याचे आयुष्य एका दिवसाचे, आणि ते तसेच असावे. तिसरे आपल्याकडच्या फॉर्म भरून दाखवणाऱ्यांचे, ज्याला कोणी नाव दिलेले नाही. त्याची पाहणारी माणसे सर्वाधिक आणि तयारी सर्वांत कमी, हा माझा आक्षेप आहे, पण तो आक्षेप घेताना हेही सांगायला हवे की सरकारी पोर्टलांनी स्वतःची मदत मराठीत आणि धड लिहिली असती तर या घराण्याची गरजच पडली नसती.

चौथे घराणे पवईचे आहे, आणि त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञानातून शिक्षणाच्या राष्ट्रीय मोहिमेखाली स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प उभा राहिला. लिब्रेऑफिस, लिनक्स, सायलॅब, पीएचपी अशी मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे, साधारण दहा मिनिटांचे स्क्रीनकास्ट. इथे रेकॉर्डिंगचे बटण सर्वांत शेवटी दाबले जाते. आधी दोन रकान्यांची संहिता लिहिली जाते: एका बाजूला स्क्रीनवर काय दिसेल, दुसऱ्या बाजूला नेमके काय बोलले जाईल. मग ती संहिता विषय न जाणणाऱ्या माणसाकडे जाते आणि त्याला फक्त ती वाचून काम जमते का ते पाहिले जाते. जमले नाही तर दोष संहितेचा. त्यानंतरच माइक. पाहणाऱ्याने व्हिडिओ आणि सॉफ्टवेअर शेजारी-शेजारी उघडून, थांबत थांबत, स्वतः करत जायचे, हेही पद्धतीतच आहे. पुढे हाच धडा मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकायला मिळतो, आणि त्यासाठी चित्र तेच ठेवून फक्त आवाज बदलला जातो. यातली गोम करून पाहणाऱ्यालाच कळते. मूळ वाक्याला सहा सेकंद मिळालेले असतील तर मराठी वाक्यही सहा सेकंदांत बसले पाहिजे, नाहीतर कर्सर पुढे निघून जातो आणि आवाज मागे राहतो. मेनूची नावे स्क्रीनवर इंग्रजीत असल्याने ती तशीच उच्चारावी लागतात, कारणे मात्र मराठीत सांगावी लागतात. हा भाग लोकांना त्रुटी वाटतो; मला ती योग्य कामवाटणी वाटते. बोट जिथे न्यायचे तिथले नाव स्क्रीनवर दिसते तेच हवे, आणि डोके जिथे चालवायचे तिथली भाषा आपली हवी.

या सगळ्यामागे पुरावा काय, हे विचारणे रास्त आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी सुसान पामिटर आणि जे एल्कर्टन यांनी ॲपलच्या हायपरकार्डवरची कामे काही जणांना चलत प्रात्यक्षिकातून आणि काहींना लेखी सूचनांतून शिकवली. शिकताना प्रात्यक्षिक पाहणारे पुढे होते, अधिक जलद आणि कमी चुका करणारे. सात दिवसांनी पुन्हा तपासले तेव्हा चित्र उलटले: लेखी सूचनांवर शिकलेले अधिक वेगाने काम करत होते. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की पाहणारे नक्कल करत होते, समजून घेत नव्हते. कोणी म्हणेल, मग व्हिडिओ सोडूनच द्या. पण थांबा. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचे हान्स आणि यान व्हान डर मेय यांनी २०१३ मध्ये सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या व्हिडिओंसाठी आठ सूत्रे मांडली, त्यानुसार व्हिडिओ तयार केले आणि शाळकरी मुलांमध्ये ते छापील धड्यांशी ताडून पाहिले. तिथे व्हिडिओ सरस ठरले. सूत्रे पाहिली की कोडे सुटते. शीर्षकात काम स्पष्ट असावे, आधी काय साधायचे त्याची झलक द्यावी, व्हिडिओ छोटा असावा, मध्ये विराम असावेत, लगेच स्वतः करून पाहायला वाव असावा. म्हणजे माध्यमाला श्रेय किंवा दोष द्यायचे कारण नाही; आधी केलेल्या रचनेने फरक पडला. हे दोन अभ्यास शेजारी ठेवले की माझ्या म्हणण्याला आणखी फार आधार लागत नाही. तरी रिचर्ड मेयर यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांतून दाखवलेले एक सूत्र विसरू नये: स्क्रीनवर चित्र असताना निवेदन ऐकू यावे, तेच शब्द पुन्हा स्क्रीनवर लिहून डोळ्यांवर दुहेरी बोजा टाकू नये. २०१४ मध्ये फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्सवरच्या ६९ लाख पाहण्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सहा मिनिटांपलीकडे लोकांचे लक्ष टिकत नाही असे आढळले. या आकड्याचा पुढे मंत्र झाला, तो मला खटकतो. त्या नोंदी चार अभ्यासक्रमांच्या होत्या आणि पाहण्याची लांबी म्हणजे शिकण्याची लांबी नव्हे.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत भक्कम आक्षेप लिहिणाऱ्यांचा: लेखी सूचना शोधता येतात, कॉपी करता येतात, एका ओळीची दुरुस्ती एका मिनिटात होते, व्हिडिओत एक बटण हलले की सारा धडा शिळा. हे खरे आहे, आणि ई-पीक पाहणीच्या ॲपची नवी आवृत्ती आल्यावर जुन्या व्हिडिओंनी किती जणांना चुकीच्या पडद्यावर नेऊन सोडले असेल याची कल्पना करता येते. उत्तर एवढेच की लेखी संहिता आधी असेल तर दोन्ही हाती राहतात. संहिता हीच लेखी सूचना, आणि व्हिडिओ तिचे उच्चारित रूप. शिळे झाले तर संहितेतल्या तीन ओळी बदलायच्या आणि तेवढाच तुकडा पुन्हा टिपायचा. दहा मिनिटांच्या एकसंध व्हिडिओऐवजी दोन-दोन मिनिटांचे पाच तुकडे ठेवण्यामागचे खरे कारण हे आहे. प्रेक्षकाच्या कंटाळ्याचे कारण दुय्यम.

दुसरा आक्षेप वेळेचा. ऑफिसातल्या माणसाने सहकाऱ्याला एक अडचण दाखवायची तर तो संहिता लिहीत बसणार का? अजिबात नाही. निरोपाच्या घराण्याला संहिता लादणे म्हणजे मुंगी मारायला तोफ. पण निरोपालाही एक वाक्य आधी हवे: मी काय करत होतो, काय व्हायला हवे होते, काय झाले. ते वाक्य नसलेला तीन मिनिटांचा व्हिडिओ पाहणाऱ्याची तीन मिनिटे खातो, आणि तो दहा जणांच्या ग्रुपवर टाकला असेल तर अर्धा तास. पाठवणाऱ्याचा वेळ वाचवून पाहणाऱ्यांचा खर्च करण्याची ही नवी ऑफिसरीत पुस्तकाच्या लेखकांनी सौम्य शब्दांत झोडपली आहे. मी असतो तर शब्द सौम्य ठेवले नसते.

तिसरा आक्षेप ताजा आहे. आता ही साधने स्वतःच बोलण्याचे अक्षरांत रूपांतर करतात, ‘अं’ आणि ‘म्हणजे’ कापून टाकतात, शीर्षक आणि सारांश लिहून देतात. मग तयारी यंत्रावर सोडली तर काय बिघडले? कापाकापी यंत्राने जरूर करावी. पण जे बोललेच गेले नाही ते यंत्र कुठून आणणार? ६५००१ का निवडले हे वाक्य मूळ रेकॉर्डिंगमध्ये नसेल तर सारांशात ‘वापरकर्ता ६५००१ निवडतो’ एवढेच येईल, आणि ते तर आधीच दिसत होते.

तंत्राच्या काही गोष्टी कंटाळवाण्या वाटल्या तरी टाळता येत नाहीत, कारण त्या थेट समजण्यावर परिणाम करतात. ब्राउझर साधारण सेकंदाला अडीच मेगाबिटने टिपत असेल तर दहा मिनिटांची फाईल १८७ एमबीच्या घरात जाते. ती व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की तिथे पुन्हा दाबली जाते आणि एक्सेलचे बारीक आकडे पुसट होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते. व्हिडिओच्या सर्वसाधारण दाबण्याच्या पद्धतीत उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची, पण रंगाची चार ठिपक्यांत मिळून एकदाच ठेवली जाते. माणसाच्या चेहऱ्यावर हे कळत नाही. निळ्या पट्टीवरच्या लाल अक्षरांवर लगेच कळते. म्हणून शक्यतो पांढऱ्यावर काळे, आणि अक्षर दीडपट मोठे करून टिपावे, कारण पाहणाऱ्याच्या हातात बहुधा सहा इंचांचा मोबाइल आहे. ब्राउझरमधून मिळणाऱ्या काही वेबएम फायलींत एकूण लांबीची नोंदच नसते, त्यामुळे पाहणाऱ्याला मागे-पुढे सरकवता येत नाही. व्हान डर मेय यांच्या विरामाच्या सूत्राचे मग काय होणार? थांबत थांबत शिकणाऱ्याला मागे जाताच आले नाही तर उत्तम संहिताही वाया जाते. अशी फाईल एकदा एमपी४ मध्ये बदलून घेतलेली बरी.

आणि मग पाठवणे. ‘लिंक ज्याच्याकडे आहे तो पाहू शकतो’ हे वाक्य आपण सारे न वाचता मान्य करतो. लिंक पुढे जाते, आणि कुठे गेली ते कळत नाही. यूट्यूबने २०२१ मध्ये २०१७ पूर्वीचे ‘अनलिस्टेड’ व्हिडिओ सुरक्षेच्या कारणाने आपणहून खासगी करून टाकले. तेव्हा अशा लिंकांवर उभे राहिलेले अनेक अभ्यासक्रम एका दिवसात अंधारात गेले असणार. मार्च २०२३ मध्ये लूमच्या एका तांत्रिक गोंधळात काही ग्राहकांना दुसऱ्यांच्या खात्यातले व्हिडिओ दिसले आणि कंपनीला तसे जाहीर करावे लागले. टेकस्मिथचे जिंग हे लोकप्रिय फुकट साधन फ्लॅशबरोबरच २०२० मध्ये संपले. यावरून एक साधा नियम निघतो: लिंक ही प्रत नव्हे. मूळ फाईल आपल्या डिस्कवर हवी. याहून नाजूक प्रश्न स्क्रीनवर काय सापडते हा. रेकॉर्डिंग चालू असताना कोपऱ्यात बँकेचा ओटीपी झळकतो, टॅबच्या रांगेत खासगी पत्राचे शीर्षक दिसते, आणि आपल्या वरच्या उदाहरणात तर विद्यार्थ्यांचे आधार क्रमांकच समोर आहेत. ते नंतर धूसर करणे पुरेसे नाही. अंकांवरची धूसर जाळी कधी कधी उलगडता येते, काळी पट्टी उलगडता येत नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचा आग्रह धरला आहे. शिकवण्यासाठी खोट्या नावांची, खोट्या आकड्यांची यादी दहा मिनिटांत तयार होते; ती तयार न करण्याला सबब नाही. स्क्रीन टिपणे आणि स्क्रीनचा ताबा देणे यांतला फरकही शिकवायला हवा. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या ॲपचा गैरवापर करून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले होते. ‘स्क्रीन दाखवा’ म्हणणाऱ्या अनोळखी फोनला नाही म्हणणारा माणूसच स्वतःची स्क्रीन कधी, कोणाला आणि कशी दाखवायची हे नीट ठरवू शकतो.

आत्ताच हे पुस्तक का, याचे उत्तर मार्च २०२० च्या टाळेबंदीकडे बोट दाखवून संपवता येईल, पण ते अपुरे आहे. तेव्हा शिक्षकांनी नाइलाजाने रेकॉर्डिंग केले आणि शाळा उघडताच बरेचसे सोडून दिले. टिकले ते वेगळ्या कारणाने. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून मुलांना ध्वनी आणि व्हिडिओपर्यंत नेण्याच्या कामासाठी, आणि त्या कामाची सुरुवात टाळेबंदीच्या कितीतरी आधीची. छापलेले पान आणि टिपलेला पडदा एकमेकांचे वैरी असण्याचे कारण नाही, हे त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेतून दाखवले. आता प्रत्येक शिक्षकाच्या, लिपिकाच्या आणि बचत गटाच्या हिशेबनिसाच्या हातात टिपण्याचे यंत्र आहे. ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जाताना त्यातले कारण गळून जाऊ नये यासाठी एक मराठी शिस्त उभी राहण्याची ही वेळ आहे.

पुस्तकाच्या दोन्ही लेखकांनी ही शिस्त साधनाच्या बटणांपासून सुरू केलेली नाही, हे मला सर्वांत आवडले. वाचकाला आधी एका कामाची दोन रकान्यांची संहिता लिहायला लावली आहे, ती अजाण माणसाकडून तपासून घ्यायला लावली आहे, आणि रेकॉर्डिंग बरेच पुढे येते. साधनांची तुलना त्यांनी मुद्दाम थोडक्यात आटोपली. फुकट योजनेत किती मिनिटे मिळतात हे आकडे पुस्तक छापून होईपर्यंत बदलतात, त्यामुळे तेच बरोबर. उदाहरणे शाळा, सहकारी संस्था आणि सरकारी कचेरी यांतली आहेत. परदेशी पुस्तकांतल्या विक्रेत्याच्या सादरीकरणांचा इथे मागमूस नाही. भाषा बोलती आहे. क्वचित ती जास्तच बोलती होते आणि एखादा तांत्रिक मुद्दा हसण्यात निसटतो. पण एवढे चालायचेच.

माझा एक मतभेद नोंदवतो. ब्राउझरमधली ही साधने संगणकावरच चालतात. मोबाइलच्या ब्राउझरला स्क्रीन टिपण्याची सोय आजवर मिळालेली नाही. फोनवर टिपायचे तर फोनमधलीच सोय वापरावी लागते, आयफोनवर २०१७ पासून आणि अँड्रॉइडवर अकराव्या आवृत्तीपासून ती अंगभूत आहे. लेखकांनी हा भाग चार पानांत उरकला आहे. ज्या कामांचे व्हिडिओ महाराष्ट्रात सर्वाधिक पाहिले जातात त्यांतली कितीतरी संगणकावर होतच नाहीत: ई-पीक पाहणी बांधावर उभे राहून फोनवर करायची असते, उन्हात, एका हाताने. तिथे कर्सर नसतो, बोटाचा ठसा दिसत नाही, उभी चौकट असते आणि वाऱ्याचा आवाज माइकमध्ये शिरतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये स्पर्शाच्या जागी ठिपका उमटवण्याची सोय आहे, एवढे एक वाक्य तरी त्या चार पानांत हवे होते. पुढच्या आवृत्तीत हा भाग किमान चौपट करावा, असे मी लेखकांना कळवले आहे, आणि त्यांनी ते मान्य केले आहे.